झील धरणारे

गिरगाव मेट्रो स्थानकाच्या सरकत्या जिन्यानं तुम्ही वर येता तेव्हा बाहेर नेहमीची संध्याकाळ चालू असते. ठाकुरद्वारच्या नाक्याकडे निघालेली गर्दी, पाडायच्या राहिलेल्या चाळींच्या लाकडी गॅलऱ्या, त्यांच्या मागे चढत गेलेले टॉवर. हे स्थानक २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. इथे रेंगाळू नका. आज तुम्हाला मागे चालायचं आहे आणि चालताना कान उघडे ठेवायचे आहेत.

शोध तीन माणसांच्या आवाजाचा आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. १९४४ साली या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि डफ, तुणतुणं, ढोलकी, झांज एवढ्या सामानावर गिरणगावातली मैदानं भरवली. पण मी तुम्हाला १९४४ पासून पुढे आणणार नाही. त्या दिशेनं गेलं की ही माणसं एकेक करून पांगत जातात आणि शेवटी हाती दोन श्रद्धांजलीचे लेख उरतात. उलटं चाललं की ती एकेक करून जमतात. मला ती जमताना दाखवायची आहेत.

पहिला थांबा ३० ऑगस्ट १९६९, शनिवारची सकाळ. श्रावण चालू आहे, रस्ता ओला आहे, ट्राम बंद होऊन पाच वर्षं झाली आहेत. कुणीतरी गॅलरीत उभं राहून पेपर मोठ्यानं वाचतंय आणि शेजारच्या खोलीतली माणसं दाराशी येऊन ऐकताहेत. शाहीर अमर शेख काल अपघातात गेले. वय ५२. ऐकणाऱ्यांपैकी कुणी काही बोलत नाही, कारण या पावसाळ्यात बोलून बोलून झालं आहे. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, अवघ्या ४८ व्या वर्षी. आता हे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत ज्यांच्या नावावर माणसं तास तास उभी राहत, त्यांच्यातले तिघे अकरा आठवड्यांच्या आत संपले. अण्णाभाऊ आणि अमर शेख यांच्यात अंतर तर ४२ दिवसांचं.

गॅलरीतल्या एका म्हाताऱ्याकडे बघा. तो पेपर ऐकत नाहीये. कठड्यावर त्याची बोटं एक ठेका धरताहेत आणि ठेका पोवाड्याचा आहे. त्याला विचारायचं मनात आणू नका, तो तुम्हाला नीट सांगू शकणार नाही. पुढे जाऊन, म्हणजे मागे जाऊन, स्वतः ऐका.

चालत राहा. १९६५ आणि १९६२ च्या युद्धांच्या काळात अमर शेख जवानांसाठी गात फिरताहेत, निधी गोळा करताहेत. १९६१ साली अण्णाभाऊ रशियाला जाऊन येतात. त्याच वर्षी अमर शेख ‘प्रपंच’ चित्रपटात पडद्यावर दिसतात. याच वर्षांत अण्णाभाऊंच्या ‘फकिरा’ला राज्य सरकारचं पारितोषिक मिळतं. गौरवाची वर्षं आहेत ही, पण तिघांचे रस्ते आता वेगवेगळे आहेत. लेखक म्हणून अण्णाभाऊ मोठे होताहेत आणि झोपडी मात्र घाटकोपरच्या चिरागनगरातलीच आहे. गव्हाणकरांचं नाव तर गिरगावात विचारलंत तरी दहातल्या आठांना आठवत नाही. मला हे लागतं. पोवाड्यात तिसऱ्या माणसाचं काम काय असतं हे ठाऊक असेल, तर त्याचं नाव विसरता येत नाही.

आता ३० एप्रिल १९६०, रात्र. चाळीचाळींतून दिव्यांच्या माळा आहेत. उद्या, १ मेला, महाराष्ट्र राज्य होणार. मुंबईसह होणार, आणि या एका शब्दासाठी १०५ माणसांनी जीव दिला हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी, २१ नोव्हेंबरला, फ्लोरा फाउंटनजवळ हुतात्मा स्मारक उभं राहील. आज मात्र सगळीकडे गुलाल आहे. तरीही एखाद्या गल्लीतून ‘माझी मैना गावावर राहिली’ ऐकू येते आणि नाचणारे किंचित थांबतात. हे छक्कड अण्णाभाऊंनी लिहिलं. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं कासावीस होतो, तिचं रूप सांगतो, शहराचा पसारा सांगतो. मग कुठल्या क्षणी बायको बाजूला होते आणि तिच्या जागी बेळगाव, कारवार, निपाणी उभी राहतात ते कळत नाही. विरहाचं गाणं न थांबता सीमेचं गाणं होतं. आजच्या रात्री बाकी सगळं मिळालं, पण मैना अजून गावावरच आहे. आनंदाच्या रात्री आनंदात न मावणारी गोष्ट सांगायची हिंमत या गाण्यात आहे, म्हणूनच ते टिकलं असं मला वाटतं.

२ मार्च १९५८ ला दादरला थोडा वेळ द्या. बंगाली हायस्कूलमध्ये पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं आहे आणि उद्घाटनाला अण्णाभाऊ उभे आहेत. अंगापेरानं बारीक माणूस. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात मांग कुटुंबात जन्म, शाळेचे जेमतेम काही दिवस, वडिलांबरोबर पायी मुंबईला आला, गिरणीत राबला, माटुंग्याच्या लेबर कँपात राहिला. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नसून दलितांच्या, कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलेली आहे, अशा अर्थाचं वाक्य तो आज बोलणार आहे. लोक ते विचार म्हणून लक्षात ठेवतील. तुम्ही मात्र बोलण्याची चाल ऐका. वाक्य संपताना आवाज खाली येत नाही, वर जातो आणि तिथे क्षणभर राहतो. मागून कुणी उचलेल अशी सवय लागलेल्या माणसाची ती चाल आहे.

कोण उचलतं, ते आता बघू.

१९५६. महिना कुठलाही घ्या, सभा रोजच आहेत. फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आहे. त्याआधी जानेवारीत, मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार हे नेहरूंनी जाहीर केलं आणि शहर पेटलं. लालबाग-परळइतक्याच गोळ्या गिरगावानंही ऐकल्या आहेत. ज्या गॅलऱ्यांवर एरवी पापड वाळतात तिथे बायका मुलांना आत ओढत होत्या. आता त्याच गॅलऱ्या माणसांनी भरल्या आहेत आणि खाली गल्लीच्या तोंडाशी फळ्या टाकून व्यासपीठ केलं आहे. वाकून बघणाऱ्यांच्या वजनानं लाकूड करकरतंय. तुम्ही खाली, रस्त्यावर अंथरलेल्या गोणपाटावर जागा धरा. इराण्याकडचा चहा हातोहात येतो आहे, पैसे कुणी दिले हे विचारायची पद्धत नाही.

वक्ते अजून आलेले नाहीत. एका रात्रीत चार-चार सभा, कुणी नायगावात अडकलं आहे, कुणी दादरला. अशा वेळी गर्दी पांगते. इथे ती वाढतेच आहे, कारण व्यासपीठावर एक जण जुना पेपर पेटवून त्याच्यावर डफ धरतोय. कातडं दमट हवेनं सैल पडलं की आवाज बसतो. आच लागली की ते ताणतं. तो बोटानं टिचकी मारतो, कान लावतो, पुन्हा आच देतो. गिरगावातल्या बहुतेकांना हे नवं आहे. या वस्तीचा कान नाट्यसंगीतावर पोसला आहे. गणेशोत्सवातल्या मैफली, कीर्तनं, ब्राह्मण सभेतली गाणी, ऑपेरा हाऊसजवळ देवधर मास्तरांची शाळा. पोवाडा इथे माहीत आहे तो शिवजयंतीचा. गिरणीतून सुटलेल्या माणसांचा पोवाडा आजवर बहुतांशी परळच्या पुलापलीकडे राहिला. संयुक्त महाराष्ट्रानं तो इथल्या घराघरात आणला.

अमर शेख पुढे येतात. बार्शीच्या गिरणीत कामगार होते, संप केला, तुरुंग पाहिला. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. समोर ध्वनिवर्धक आहे, पण ते त्यापासून हातभर मागेच उभे राहतात. पहिला सूर लागतो आणि तिसऱ्या मजल्यावरची मुलं कानांवर हात ठेवतात, मग हात काढतात. इतका मोठा आवाज असा स्वच्छ असू शकतो याची तुमच्या कानांना कल्पना नसते. तो फुटत नाही, खरखरत नाही, वर जाताना पातळ होत नाही.

पण तुम्ही नजर त्यांच्यावरून काढा. जरा मागे, दोन पावलं डावीकडे बघा.

तिथे झीलकरी उभे आहेत. एकाच्या काखेत तुणतुणं आहे. कातड्याचं बूड लावलेलं नळकांडं, त्याच्या अंगाला ठोकलेली काठी, बुडातून निघून खुंटीला बांधलेली एकच तार. लाकडाच्या बारीक तुकड्यानं तो ती छेडतोय. राग नाही, सुरावट नाही, सबंध रात्र एकच सूर. दुसऱ्याच्या हातात झांज. शाहीर ओळ सांगत सांगत टोकाला येतो, छातीतला वारा संपतो, आणि नेमक्या त्या घडीला हे दोघे-तिघे ओळीचा शेवट उचलतात. जी जी म्हणत तो वरच्या पट्टीत ताणून धरतात. शाहीर तेवढ्यात श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो, समोरच्या चेहऱ्यांवर काय उमटलं ते बघतो. मग डफावर थाप देऊन पुन्हा शिरतो. झील नसेल तर पोवाडा पाच मिनिटांत माणसाला मारून टाकेल. झीलकऱ्याला शाहिराइतकाच पोवाडा पाठ लागतो, शाहीर कुठे दमेल हे त्याला शाहिराच्या आधी कळावं लागतं, आणि एवढं करून जाहिरातीवर त्याचं नाव नसतं.

तुलनेसाठी जरा दूर बघा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ख्रिस्ती भक्तिगीतं गाणाऱ्या चौकडींची एक जुनी परंपरा आहे. वरचा टेनर, मुख्य गाणारा, बॅरिटोन आणि तळाचा बास. टेनेसीतल्या जेम्स व्हॉन नावाच्या प्रकाशकानं १९१० साली अशी चौकडी पगारावर गावोगाव फिरवली, गाण्यांची पुस्तकं खपावीत म्हणून. तिथल्या लोकांच्या मनात या चौकड्यांचं जे स्थान आहे, तेच आपल्याकडे कलापथकांचं असायला हवं होतं. मात्र गाण्याची बांधणी वेगळी आहे. त्यांचे चार आवाज चार वेगळ्या सुरांवर उभे राहतात आणि मिळून एक होतात, त्यामुळे जाणता कान शेवटपर्यंत चौघांना वेगळं ओळखू शकतो. आपली झील सगळी एकाच सुरावर चढते. तिथे कोण कुठला हे ओळखू यायला लागलं तर झील बिघडली. स्वतःचा आवाज त्या एका सुरात पूर्ण बुडवायचा, आणि तरी छाती फुटेस्तोवर गायचं. मला दुसरं जास्त कठीण वाटतं.

आता कान वर न्या. पोवाड्याच्या तिसऱ्या चौकानंतर झील व्यासपीठावरून येत नाहीये, गॅलऱ्यांवरून येते आहे. पहिल्यांदा मुलं, मग कॉलेजातली पोरं, मग धोतर-कोटातले कारकून, आणि शेवटी माजघरातून बाहेर आलेल्या बायका. अमर शेख ओळ टाकतात आणि तीन मजले ती उचलतात. मुसलमान गिरणी कामगाराचा सूर गिरगावातला ब्राह्मण आणि सारस्वत कारकून मागे उभा राहून धरतो आहे, मांगवाड्यात जन्मलेल्या माणसाचे शब्द त्याच्या तोंडात आहेत, आणि त्या घडीला त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. संयुक्त महाराष्ट्राबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. ठराव, राजीनामे, निवडणुका, आकडे. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं ते याच वर्षी. पण हा महाराष्ट्र खरोखर संयुक्त कुठे झाला असं मला कुणी विचारलं, तर मी या झिलेकडे बोट दाखवीन.

अत्रे येतात. टाळ्या, घोषणा. तुम्ही भाषण ऐकायला थांबलात तर रात्र तिथेच जाईल, म्हणून उठा.

२० नोव्हेंबर १९५५. रविवारची संध्याकाळ, चौपाटी. वाळूवर माणसांचा समुद्र आणि व्यासपीठावर काँग्रेसचे स. का. पाटील, मोरारजी देसाई. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही हे ते ज्या सुरात सांगतात, त्यानं सभा उधळते. या सभेत शाहीर नाही, डफ नाही. एकटं व्यासपीठ बोलतं आणि समोरून उत्तर येतं ते आरडाओरड्याचं, जोड्यांचं, दगडांचं. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार होईल, १५ माणसं मरतील. लवकर पुढे चला. इथे ऐकण्यासारखं काही नाही, आणि उद्याचं पाहण्याची माझी तयारी नाही.

१९५० च्या आसपास गल्ल्या शांत लागतात. स्वराज्य आलं आहे आणि लाल बावटा कलापथकावर मुंबई सरकारची बंदी आली आहे. कम्युनिस्ट पुढारी भूमिगत आहेत किंवा तुरुंगात. तमाशावरही सरकारची वक्र नजर आहे, अश्लील म्हणून. अण्णाभाऊंनी यातून काढलेली वाट मला फार आवडते. त्यांनी तमाशाच्या अंगानं नाट्य लिहिलं आणि त्याला लोकनाट्य हे नाव पुढे आणलं. नाव बदलणं एवढंच त्यात नव्हतं. तमाशात गण म्हणजे गणपतीला नमन. अण्णाभाऊंच्या गणात नमन मायभूमीला, कष्टकऱ्यांना, हुतात्म्यांना. गवळणीची जागा त्यांनी काढूनच टाकली. लहानपणी नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशात वावरलेला हा माणूस. त्याला त्या घराच्या खांबांपैकी कुठला भार उचलतो आणि कुठला नुसता रंगवलेला आहे, हे आतून ठाऊक होतं. म्हणून त्यानं बरोबर तेवढंच बदललं. ढोलकी राहिली, हजरजबाबी सोंगाड्या राहिला, झील राहिली.

याच काळात तुम्हाला कुठल्या तरी खोलीत, दार लोटून घेऊन, हळू आवाजात ‘मुंबईची लावणी’ म्हणणारी माणसं सापडतील. पठ्ठे बापूरावांनी मुंबईची लावणी आधी लिहिली होती आणि तिच्यात शहराची झगमग होती. अण्णाभाऊंच्या लावणीत मलबार हिल आहे आणि परळही आहे, आणि दोन्ही एकाच शहरात कसे असा प्रश्न आहे. दार लोटून म्हटलेली झील ऐकायला विचित्र वाटते. वर चढणारा सूर ओठांतच अडवायचा. त्या दिवसांत त्यांना हेही शिकावं लागलं.

फेब्रुवारी १९४६ वरून जाताना परळ-लालबागकडून गोळ्यांचे आवाज येतील. नौदलाच्या खलाशांनी बंड केलं आहे आणि गिरणी कामगार त्यांच्या बाजूनं रस्त्यावर आहेत. त्या वर्षी अमळनेरलाही गिरणी कामगारांवर गोळ्या चालतील आणि अण्णाभाऊ त्या हुतात्म्यांचा पोवाडा लिहितील. घटना घडली की आठवड्या-पंधरवड्यात पोवाडा उभा राहायचा, बसवला जायचा, छोटी पुस्तिका छापली जायची आणि सभेत काही आण्यांना विकली जायची. टेनेसीतल्या व्हॉनसाहेबांची गाठ पडली असती तर हा भाग त्यांना लगेच समजला असता.

एकेक करून ते जमताहेत, लक्षात आलं का? १९५६ मध्ये कधी अमर शेख एका सभेत आणि अण्णाभाऊ दुसऱ्या. इथे, १९४५ च्या अलीकडे-पलीकडे, ते एकाच फळीवर आहेत. ‘अकलेची गोष्ट’ याच वर्षी आलं आहे. तिघेही लिहितात, तिघेही गातात, तिघेही सोंग घेतात. असं पथक विरळा असतं. एरवी एक शाहीर आणि त्याचे झीलकरी असतात, इथे तीन शाहीर आहेत. म्हणजे एक जण पुढे आला की उरलेल्या दोघांनी मागे उभं राहायचं.

शेवटचा थांबा. १९४४, खेतवाडी. सँडहर्स्ट रोडवर ट्रामची घंटा वाजते. याच रस्त्यावरच्या मारवाडी विद्यालयाच्या सभागृहात गेल्या वर्षी, २५ मे १९४३ ला, इप्टा या नाट्यसंघटनेची स्थापना झाली. देशभरातले नाटकवाले आणि गाणारे तिथे जमले होते. कम्युनिस्ट पक्षाचं मुख्यालयही याच अंगाला आहे. युद्ध चालू आहे. रेशनिंग सुरू होऊन वर्ष उलटलं, दुकानाबाहेर रांगा आहेत, दिव्यांवर काळे कागद आहेत. १४ एप्रिलला गोदीत फोर्ट स्टिकिन बोट उडाली तेव्हा इथल्या खिडक्यांच्या काचा थरारल्या होत्या, आणि अजूनही कुठे पिंप पडलं तरी बायका दचकून दाराशी येतात.

चौकात गॅसबत्ती आणली आहे. ध्वनिवर्धक नाही. दीड-दोनशे माणसं असतील. निम्मी छापखान्यांतली आणि दुकानांतली, निम्मी रात्रपाळी नसलेले गिरणीवाले, परळहून चालत आलेले. घाटावरचे एकीकडे, कोकणातले एकीकडे, मुलं सगळ्यांच्या पुढे. तुम्हाला बसायला जागा नाही, म्हणून तुम्ही फळीच्या कडेला, झीलकऱ्यांच्या अगदी शेजारी उभे राहता.

आधी अण्णाभाऊ पुढे येतात. वय २४. स्टालिनग्राडचा पोवाडा. कुठल्या दूरच्या नदीकाठचं शहर, तिथली घरं, जिने, तळघरं, एकेका जिन्यासाठी झालेली लढाई. गिरगावातल्या माणसाला जिना म्हणजे काय हे कुणी समजवायला नको. ओळ टोकाला जाते आणि मागून झील उठते. तुम्ही वळून बघता. झील धरणारे अमर शेख आहेत. तोच आवाज, जो बारा वर्षांनी तीन मजल्यांना कानांवर हात ठेवायला लावील, तो आत्ता दुसऱ्याच्या ओळीखाली स्वतःला बेतानं लावतो आहे. अण्णाभाऊंच्या आवाजाच्या वर जात नाही, पण त्याला खाली पडूही देत नाही. शेजारी गव्हाणकर आहेत. तुम्ही कान देऊन या दोघांचे आवाज वेगळे करायला बघता आणि ते होत नाहीत.

मग बदल होतो. डफ हातातून हातात जातो. आता गव्हाणकर पुढे, अण्णाभाऊ मागे. कुणी कुणाला जागा करून दिल्यासारखं दिसत नाही, खूण नाही, नजर नाही. पुढच्यानं अर्धं पाऊल मागे घेतलं की मागचा पुढे आलेला असतो. पुढे ज्यांच्या नावानं गावं वसतील, अध्यासनं निघतील, तिकिटं छापली जातील, ती माणसं इथे पाळीपाळीनं बिननावाची होताहेत. आणि ज्याचं नाव लोक विसरतील तो या घडीला सगळ्यांच्या पुढे उभा आहे, गॅसबत्तीच्या उजेडात, आणि महाराष्ट्राचे दोन सर्वांत मोठे शाहीर त्याची झील धरताहेत. मला तुम्हाला हे दाखवायचं होतं. यासाठी पंचवीस वर्षं उलटी चालवली.

रात्र चढते. डफ दमट झाला, तो पुन्हा शेकायला घेतात. मधल्या वेळात कुणीतरी पुस्तिकांचा गठ्ठा फिरवतं. पुढचा पोवाडा बंगालचा. गेल्या वर्षी तिकडे दुष्काळानं लाखो माणसं मेली, आणि खेतवाडीतल्या रेशनच्या रांगेत उभं राहणाऱ्याला भुकेचा अर्थ सांगावा लागत नाही. बंगालसाठी झोळी फिरणार आहे, तेव्हा खिशातला एक आणा बाजूला काढून ठेवा. अण्णाभाऊ पुन्हा डफ घेतात. तुणतुणंवाल्याला खोकल्याची उबळ आली आहे, तो तुणतुणं पुढे करतो, आणि त्याच्या सर्वांत जवळ तुम्ही आहात. घ्या. तार एकच आहे, सूर एकच आहे, चुकायला जागा नाही. डाव्या बाजूला अमर शेख आहेत, उजव्या बाजूला गव्हाणकर. पहिली ओळ टोकाला येते आहे. आता उचला, आणि वर, अजून वर.